फोकवेज की सब्लाइम फ्रिक्वेन्सीज?

सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग थांबले की मी हेडफोन लावतो. मग प्रश्न: आज कानांनी कुठे जायचं?

फोकवेज हे जगभरच्या लोकसंगीताचं रेकॉर्ड लेबल १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, १९८७ पासून स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेकडे आहे. तिथली जुनी रेकॉर्डही कायम विक्रीला, आणि माहितीपुस्तिका फुकट उतरवता येते. वाद्य कोणतं, गाव कोणतं, सगळं कळतं.

सिॲटलचं सब्लाइम फ्रिक्वेन्सीज (२००३ पासून) हे लेबल जरा वांड. रेडिओची खरखर, मधेच बातम्या, बाजाराचा गलका, सगळं तसंच ठेवलेलं. कधी गायकाचं नावही नाही. हे मला खटकतंच. पण गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याची करकर, हलगी आणि भेळवाल्याची हाक एकदम कानावर घेतलेल्या सोलापूरकराला तेच जवळचं वाटणार. नवख्यानं मात्र आधी फोकवेज धरावं.