धवल्याची पाच गाणी आणि एक डिजिटल वितरण सेवा: वर्षभरानंतरचे परीक्षण

लग्नसराईच्या दिवसांत माझी आत्या घणसोली गावातल्या घरी सापडत नाही, कारण ती धवलारीण, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी (धवले) गाणारी बाई, आहे. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे वेगळे असते, ते कोणत्या क्षणी सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे हे धवलारीण जाणते, आणि आमच्या बाजूच्या कित्येक घरांत तिचा मान भटजीच्या बरोबरीचा असतो. तिच्या गळ्यातली पाच गाणी आम्ही गेल्या वर्षी ऐरोलीतल्या एका छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली आणि एका डिजिटल वितरण सेवेमार्फत सर्व प्रमुख संगीत ॲपवर प्रसिद्ध केली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. तिचे नाव मी लिहीत नाही. तिच्यातले गुण आणि दोष या धंद्यातल्या बहुतेक स्टार्टअपमध्ये थोड्याफार फरकाने सापडतात, त्यामुळे वाचकाने नावापेक्षा व्यवहार समजून घ्यावा असे मला वाटते.

सेवा कशासाठी घेतली हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण माझे गुणदान त्यावरच अवलंबून आहे. कॅसेटच्या काळात आत्या एका ध्वनिफितीत कोरसमध्ये गायली होती. मोबदला म्हणून तिला एक साडी आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळाला. कॅसेटच्या वेष्टनावर मुख्य गायकाचे, संगीत संयोजकाचे, अगदी छायाचित्रकाराचेही नाव होते, पण ज्या चार बायकांच्या तोंडून ते धवले उतरवून घेतले त्यांच्यापैकी एकीचेही नव्हते. पैशाचे आत्याला फारसे वाईट वाटले नाही. नावाचे वाटले, आणि ते ती अजून बोलून दाखवते. म्हणून ‘नाव नीट लागते का’ या एका प्रश्नावर मी ही सेवा तोलली आहे.

या सेवा करतात काय, हे थोडक्यात सांगतो. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक किंवा जिओसावन ही ॲप सर्वसामान्य कलावंताकडून थेट गाणी घेत नाहीत. मधल्या कोणाकडून तरी ती यावी लागतात. पूर्वी हे काम ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या हातात होते, आणि गाणे बाजारात न्यायचे तर त्याचे हक्कच त्यांना द्यावे लागत. अमेरिकेत 1998 साली सुरू झालेल्या सीडी बेबीने आणि नंतर ट्यूनकोअर, डिस्ट्रोकिड यांसारख्या कंपन्यांनी ही अट मोडली: हक्क तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला पोहोचवण्याचे शुल्क द्या. काही सेवा दरवर्षी शुल्क घेऊन मिळकतीला हात लावत नाहीत, तर काही एकदाच शुल्क घेतात आणि मिळकतीतून टक्केवारी कापतात. सीडी बेबीचा हिस्सा 9 टक्के आहे. आम्ही घेतलेली सेवा वार्षिक शुल्काची, भारतात कार्यालय असलेली आणि रुपयांत व्यवहार करणारी होती. वर्षाचे शुल्क हजार रुपयांच्या आत होते, आणि स्टुडिओच्या दोन दिवसांच्या भाड्यापुढे ते अगदीच किरकोळ वाटले.

गाणी चढवण्याची प्रक्रिया सोपी आहे आणि तिला मी पूर्ण गुण देईन. 44.1 किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, 3000 बाय 3000 पिक्सेलचे मुखपृष्ठ, गायक आणि भाषा यांची माहिती एवढे दिले की प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांकांचा क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचे जन्मनाव. गाणे कुठेही वाजले तरी हिशेब याच क्रमांकावर लागतो, आणि उद्या सेवा बदलली तरी तोच क्रमांक पुढे नेल्यास आतापर्यंतच्या ऐकण्याची मोजणी सहसा टिकून राहते. इतकी महत्त्वाची गोष्ट या सेवेने चार पडद्यांच्या आत लपवून ठेवली आहे. मला ती मदत कक्षाला विचारून मिळवावी लागली. ग्राहक सोडून जाऊ नये म्हणून हे केले असावे अशी माझी शंका आहे. तिसऱ्या दिवशी गाणी ॲपवर दिसू लागली आणि त्याच रात्री उरणच्या चुलत बहिणीचा फोन आला, तेव्हा आत्याने तो लाउडस्पीकरवर लावायला सांगितला.

खरी अडचण अर्जातल्या रकान्यांनी निर्माण केली. ‘गीतकार’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. धवल्याचा गीतकार कोण? तो पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या तोंडून आलेला, घराघरात दोन ओळींनी बदलणारा मजकूर आहे. ‘पारंपरिक’ असे लिहिले तर प्रणालीने ते माणसाचे नाव समजून आडनाव मागितले. मी अखेर मदत कक्षाला लिहिले, तिथून यंत्राने तयार केलेली तीन उत्तरे आली, आणि चौथ्या खेपेला एका माणसाने एका ओळीत मार्ग सांगितला. लोकगीतांनी भरलेल्या देशात काम करणाऱ्या कंपनीला हा प्रश्न पहिल्याच महिन्यात पडायला हवा होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत असली सॉफ्टवेअर लिहिणारी मुले शेकड्यांनी बसतात. त्या इमारतींतून उतरून पंधरा मिनिटे चालले तर गावठाणातल्या एखाद्या मांडवात धवला ऐकू येईल. असो.

लिपीचाही एक घोळ आहे. ॲपवर शोधणारे बहुतेक जण रोमन अक्षरांत टंकतात, आणि ‘धवला’तल्या ‘व’साठी रोमनमध्ये दोन अक्षरे चालत असल्यामुळे अर्ध्या लोकांना गाणे सापडत नाही. देवनागरी शीर्षकाला पर्यायी रोमन रूप जोडण्याची सोय या सेवेत नव्हती. त्यामुळे आम्ही दुवाच व्हॉट्सॲपवर फिरवला, म्हणजे तंत्रज्ञानाने नाकारलेले काम शेवटी भाऊबंदकीनेच केले.

आता नावाकडे येतो. आमच्या भागात पाटील आणि म्हात्रे ठाण्यापासून उरणपर्यंत पसरलेले आहेत. आत्याचे नाव आणि आडनाव दोन्ही सर्रास आढळणारी असल्यामुळे तिची पाचही गाणी एका अनोळखी भक्तिगीत गायिकेच्या पानावर जाऊन बसली. ॲप नावावरून पान जुळवते, आणि नवी गायिका आहे हे स्पष्ट सांगण्याचा पर्याय सेवेच्या अर्जात होता खरा, पण तो आधीच चुकीच्या बाजूला निवडलेला होता. दुरुस्तीला सव्वा महिना लागला. तोवर आत्याच्या धवल्याखाली दुसऱ्याच बाईचे छायाचित्र झळकत होते. ते पाहून आत्या एवढेच म्हणाली, “मंग माजा नाव कुठं हाय त्यान?” कॅसेटवर नाव नव्हते, इथे नाव होते, पण चेहरा दुसऱ्याचा होता. या एका बाबीसाठी मी सेवेचे निम्मे गुण कापले आहेत.

नावाचा हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. 1902 साली कोलकात्यात गौहरजान यांनी गायलेल्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारतात. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोवरला, आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचे नाव लावायचे हे कळायला तोच एक मार्ग होता. सव्वाशे वर्षांनंतर त्या उच्चाराची जागा अर्जातल्या रकान्याने घेतली आहे, पण रकाना चुकला तर गाणे आजही परक्या घरी जाते.

यूट्यूबवर आणखी एक प्रकार घडला. 2007 पासून तिथे कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. ती प्रत्येक व्हिडिओचा आवाज हक्कदारांनी नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहते आणि जुळणी झाली की त्याची मिळकत नोंदवणाऱ्याकडे वळवते. आमच्या तिसऱ्या गाण्यावर एका हळदीच्या डीजे रिमिक्सच्या मालकाने दावा लावला, कारण दोन्हींची चाल एकच. चाल एकच असणारच. ती कोणाच्या बापाची नाही. पारंपरिक शब्द आणि चालीवर कोणाचा कॉपीराइट नसतो, पण तिच्या प्रत्येक नव्या ध्वनिमुद्रणावर असतो, आणि तो भारतीय कायद्यानुसार प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे त्याचे रिमिक्स त्याचे, आमचे मुद्रण आमचे. हे पटवून दिल्यावर दावा मागे घेतला गेला. या प्रसंगात सेवेचा मदत कक्ष चांगला वागला, नेमका मसुदा त्यांनीच करून दिला, आणि हे नोंदवणे न्यायाचे आहे. मात्र पारंपरिक चालीच्या गाण्यांसाठी कंटेंट आयडीची जोडसेवा घेऊ नये हे त्यांनी ती मला विकण्यापूर्वी सांगायला हवे होते.

पैशाबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात, पण त्याबद्दल सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आले तेव्हा महिन्याची वर्गणी 119 रुपये होती, आणि बहुसंख्य श्रोते तेवढीही न भरता जाहिराती ऐकत राहतात. वर्गणी आणि जाहिराती यांच्या एकत्र गंगाजळीतून साधारण दोन तृतीयांश रक्कम हक्कदारांना जाते आणि ती एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार विभागली जाते, म्हणून ‘एकदा ऐकले की अमुक पैसे’ असा ठरलेला दर मुळात नसतो. गाणे किमान 30 सेकंद वाजले तरच ते मोजले जाते. 2024 पासून तिथे आणखी एक अट लागू झाली: मागच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. आमच्या पाचांपैकी एकच गाणे ती रेषा ओलांडू शकले, आणि सेवेच्या खात्यातली रक्कम काढून घेण्याच्या किमान मर्यादेपर्यंत अजून पोहोचलेली नाही. हिशेबाच्या तक्त्यात विंक आणि रेसो यांचे रकाने अजूनही दिसतात, जरी ती दोन्ही ॲप 2024 मध्ये भारतात बंद पडली. ‘आम्ही दीडशेहून अधिक ठिकाणी पोहोचवतो’ या जाहिरातीतली किती ठिकाणे अशी आहेत हे मी मोजत बसलो नाही.

मिळकतीच्या वाटणीची सोय मात्र उत्तम आहे, आणि मला ही सेवा आवडली ती इथेच. आत्या, तिच्यामागे ओळी झेलून गाणाऱ्या दोघी आणि ध्वनिमुद्रक अशा चौघांची टक्केवारी एकदा भरली की पुढचा प्रत्येक रुपया आपोआप चार खात्यांत विभागला जातो. रक्कम नगण्य आहे, पण कॅसेटच्या काळात जी वाटणी कोणी तोंडातून काढली नसती ती आता लेखी आहे. टक्के ठरवायला आमच्या ओटीवर दोन संध्याकाळी गेल्या आणि त्यात एक जुने भांडणही मिटले.

प्रसिद्धीच्या पॅकेजला मी शून्य गुण देतो. वेगळे पैसे घेऊन ‘लोकप्रिय प्लेलिस्ट’मध्ये गाणे घालण्याचा जो प्रस्ताव दर आठवड्याला येतो, त्यातल्या प्लेलिस्ट पाहिल्यावर तिथे पंजाबी, तमिळ आणि झोपेचे संगीत एकापाठोपाठ लागलेले आढळले. असे ऐकणे यंत्रांकडून करवले जाण्याचा धोका मोठा असतो, आणि ॲपला संशय आला की मोजणी पुसली जाते, प्रसंगी गाणेच काढले जाते. लग्नाचे गाणे लग्नात पसरते. इन्स्टाग्रामच्या संगीत संग्रहात आमचे हळदीचे गाणे या सेवेने पोहोचवले होते. पनवेलकडच्या कोणीतरी ते आपल्या घरच्या हळदीच्या रीलला लावले, त्यांच्या पाहुण्यांनी आत्याचे नाव पाहिले, फोन नंबर शोधून काढला आणि तिला लग्नाला बोलावले. त्या एका लग्नात मिळालेले मानधन आणि लुगडे यांच्यापुढे वर्षभराच्या ॲपच्या हिशेबाची तुलना करण्यात अर्थ नाही. माझ्या मते या सगळ्या यंत्रणेचा लोकगायकाला होणारा फायदा हाच आहे: गाणे विकले जात नाही, गाणाऱ्याचा पत्ता लागतो.

स्वतः शब्द लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वितरण सेवा आणते ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी वेगळी असते, ती 1969 पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेमार्फत गोळा होते आणि तिचे सभासदत्व स्वतंत्रपणे घ्यावे लागते. ‘तुमची 100 टक्के रॉयल्टी तुम्हाला’ हे सेवेच्या पहिल्या पानावरचे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे.

नूतनीकरणाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. शुल्क भरले नाही तर पाचही गाणी सगळीकडून उतरवली जातील. करारात हे लिहिलेले आहे आणि मी ते सुरुवातीला वाचले नव्हते. वार्षिक शुल्काची ही सेवा दर महिन्याला नवे गाणे काढणाऱ्या तरुणांना परवडेल, पण पाच-दहा गाणी एकदाच टाकून ती राहावीत अशी इच्छा असणाऱ्यांनी एकरकमी शुल्काचीच निवडावी. पहिल्या पाच गाण्यांचे शुल्क मी यंदा भरणार आहे. नव्या सहा गाण्यांसाठी दुसरी सेवा पाहून ठेवली आहे. त्यांचे मुद्रण गेल्या आठवड्यात झाले. शेवटच्या धवल्याची ओळ संपल्यावर आत्याने कोणी न सांगता आपले नाव आणि गाव सांगितले. ध्वनिमुद्रक ते चार सेकंद कापायला निघाला होता. आम्ही ते ठेवून घेतले.