‘एका अँटेनात अख्खी बाग’ : पंच्याण्णव हजारांना पडलेलं वायफाय

कोकणात बाग आहे आणि बागेत पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या काढल्यात, अशांसाठी हे लिहितोय. ‘एकच अँटेना लावतो, अख्ख्या बागेत वायफाय’ असं सांगत फिरणारी माणसं आमच्या भागात वाढली आहेत. त्यातल्या एकाने आमच्याकडून ९५,००० रुपये नेले. त्याची पद्धत इतकी सफाईदार होती की दुसऱ्या कुणाकडे हाच खेळ होऊ नये, म्हणून सगळं तपशिलात सांगतो.

आमची बाग कुडाळ तालुक्यात, चार एकर, सगळी उतरणीची. वर सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला, लागून आंब्याची कलमं, मध्ये घर आणि खाली वहाळाच्या कडेने माडा-पोफळीचं कुळागर. पाहुण्यांच्या तीन खोल्या त्या कुळागरातच. घरापर्यंत केबलवाल्याचं फायबर आलंय, ४० एमबीपीएसचा प्लॅन. खाली मात्र मोबाईलला एकही काडी नाही. हल्ली येणारा प्रत्येक पाहुणा लॅपटॉप घेऊन येतो, आणि यूपीआयने पैसे द्यायलाही त्याला चढ चढून घरापुढच्या खळ्यात यावं लागतं. गरज खरी होती, आणि ती त्याने बरोबर हेरली.

माणूस तिशीचा, बोलायला गोड. पहिल्या भेटीपासून ‘काका, काका’. छापील कोटेशन, वर जीएसटी नंबर, खाली शिक्का. घरावर ‘मिलिटरी ग्रेड’ अँटेना, ५०० मीटर रेंज, खाली दोन रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारी यंत्रं), ‘प्युअर कॉपर’ आउटडोअर केबल, पडणाऱ्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आणि अर्थिंग वेगळं. एकूण १,१८,००० रुपये. आगाऊ ७०,००० यूपीआयने मागितले, तेही फर्मच्या खात्यावर नाही, ‘पर्सनल’वर. कारण काय, तर फर्मच्या खात्याचं केवायसी चालू आहे.

त्या ५०० मीटरबद्दल आधी सांगतो, कारण हे आमिष सगळीकडे तेच असतं. रेंज एकतर्फी नसते. छपरावरचा अँटेना लाउडस्पीकरवरून कितीही ओरडला, तरी तुमच्या खिशातला फोन कुजबुजत उत्तर देतो आणि ते उत्तर छपरापर्यंत पोचत नाही. फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, पान मात्र उघडत नाही. शिवाय झाडं. पानांत पाणी असतं आणि पाणी वायफायची लहर पिऊन टाकतं. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची जास्त, २.४ ची थोडी कमी. मे महिन्यात जेमतेम चालणारं पावसात भिजलेल्या पोफळीत बंद पडतं. ‘दहा वॅटचा बूस्टर टाकतो’ असंही तो म्हणाला होता. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला, पण अँटेनासकट ४ वॅटची मर्यादा घालून. म्हणजे बूस्टर खरा असता तर बेकायदा ठरला असता. सुदैवाने तोही खोटाच निघाला!

काम झालं आणि डेमोचा दिवस आला. तो आम्हाला घेऊन थेट वर कलमांत गेला. घरापासून सगळ्यात लांबचा कोपरा. ‘काका, तुमच्याच फोनवर बघा.’ माझ्या फोनवर आमच्याच वायफायचं नाव, सगळ्या काड्या भरलेल्या. स्पीड टेस्ट लावली, काटा ७२ वर. त्याने स्क्रीनशॉट काढायला लावला, व्हॉट्सॲपवर मागवून घेतला आणि ‘काम समाधानकारक’ असा मेसेजही माझ्याकडून लिहून घेतला. खाली खोल्यांपाशी आल्यावर टेस्ट केलीच नाही, नुसत्या काड्या दाखवल्या. उरलेल्यातले २५,००० तिथेच घेतले. बागेत शिपण करणारा गडी बाजूला उभा होता, तो तेवढा पुटपुटला, ‘ह्यो पिशयी खाली कित्याक ठेवणा नाय?’ भर उन्हात पाठीवरची सॅक त्याने एकदाही उतरवली नव्हती.

खाली नेट कधी धड चाललंच नाही. फोन केला की ‘काका, सेटिंग बसायला वेळ लागतो’. पुढे मुंबईहून भाचा आला. त्याला तो स्क्रीनशॉट दाखवला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मामा, तुमचा प्लॅन ४० चा, मग ७२ आले कुठून?’ दुसरी गोष्ट त्याने बोटानेच दाखवली. स्पीड टेस्टच्या निकालाखाली नेट पुरवणाऱ्या कंपनीचं नाव येतं. तिथे आमच्या केबलवाल्याचं नाव नव्हतं, एका मोबाईल कंपनीचं होतं. सड्याच्या त्या कोपऱ्यात त्याच कंपनीची रेंज चांगली येते. सॅकमध्ये सिमकार्डवर चालणारं छोटं हॉटस्पॉट यंत्र, त्याला आमच्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड. आमचे फोन निमूटपणे त्याला जोडले गेले. डेमो खाली कुळागरात का नाही केला, तेही मग कळलं. तिथे त्याच्या यंत्रालाच रेंज नव्हती.

मग आम्ही एकेक वस्तू उघडायला घेतली. केबलची आतली तार चाकूने खरवडली. वर तांब्याचा रंग, आत चकचकीत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ही तार स्वस्त आणि हलकी असते, पण विजेला तिचा विरोध जास्त. त्याच केबलमधून खालच्या यंत्रांना वीजही जात होती. लांब पल्ल्यावर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो आणि जरा भार आला की यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं. आमचे पाहुणे रात्री जेवून मोबाईल उघडायचे, नेमकं तेव्हाच. या जातीच्या केबलला १०० मीटरची मर्यादा असते. याने त्याहून बरीच लांब ओढली होती, आणि मध्ये गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्याखाली तारा नुसत्या पिळून काळी टेप गुंडाळलेली.

रिपीटरच्या डब्यावर नावाजलेल्या कंपनीचं स्टिकर. स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि भाच्याच्या फोनवर दिसणारा मॅक ॲड्रेस जुळेना. या ॲड्रेसच्या पहिल्या सहा अंकाक्षरांवरून मूळ उत्पादक कळतो. तो भलताच कुणीतरी निघाला. सेटिंगमध्ये शिरायचं तर ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडे. तो मागितला तेव्हा ‘वार्षिक मेंटेनन्स घेतलं की देतो’ असं उत्तर. आमच्याच पैशांच्या वस्तूची किल्ली त्याच्या खिशात.

सगळ्यात संताप आला तो अर्थिंगचा. त्याचे कोटेशनमध्ये वेगळे ८,५०० लावले होते. घरामागे जाऊन हिरवी वायर ओढली तर तिच्यासकट गंजकी सळी हातात आली. जेमतेम वीतभर, जांभ्याच्या भुग्यात खोचलेली. आमच्याकडे कातळात चांगलं अर्थिंग मिळवणं मुळातच कठीण, खड्डा खोल घ्यावा लागतो, आणि मे अखेरच्या वळवाच्या विजा काही थट्टा नव्हेत. त्या विजांनी छपरावरचं यंत्र आणि त्याच्याबरोबर केबलवाल्याचं मोडेमही जाळलं. याचं म्हणणं, ‘वीज पडणं वॉरंटीत बसत नाही.’ वीजरोधक कुठे आहे असं विचारल्यावर फोन बंद.

कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. नोंदणी रद्द झालेली, आणि नाव दुसऱ्याच व्यवसायाचं. ही तपासणी फुकट आहे, मोबाईलवर होते. नंबर १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो.

आता तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, नोटीस पाठवली, जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो. त्याचा माणूस नोटिशीवर म्हणाला, ‘होमस्टे म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही.’ हा दम बऱ्याच जणांना गप्प करतो. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’त मोजली जात नाही, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलंय. आम्ही घरचीच माणसं राबतो, नोकरचाकर नाहीत. तो एक गडी बागेचा. तसं अर्जात स्पष्ट लिहिलंय. स्क्रीनशॉट, तारेचा तुकडा, सळीचा फोटो, सगळं जोडलंय. यंत्रं रीसेट केलेली नाहीत, पुरावा जायला नको म्हणून.

मधल्या काळात केबलवाल्याच्याच पोराने घरापासून खोल्यांपर्यंत गडग्याच्या कडेने काळ्या पाइपातून फायबर नेलं. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाचीही भीती कमी. प्रत्येक खोलीच्या पडवीत एक लहानसं यंत्र, त्याला खोलीतलीच वीज. प्रत्येकाची रेंज पंचवीस-तीस मीटर, त्यापुढे पोफळी आडव्या येतात. हे त्याने पाइप पुरायच्या आधीच सांगितलं होतं.

तो माणूस सध्या दुसऱ्या नावाने गुहागर-दापोलीकडे कोटेशनं देतोय असं ऐकतो. तुमच्याकडे असा कुणी आला तर स्पीड टेस्ट खोलीच्या आत, तुमचा मोबाईल डेटा बंद करून लावा, आणि आकड्याखालचं कंपनीचं नाव मोठ्याने वाचा. आमच्या अर्जाला जोडायला आणखी तक्रारदार मिळाले तर हवेच आहेत.