कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर घर घेताय? आधी विमा बघा

सॅराटोगा, लॉस गॅटोस किंवा ओरिंडाच्या टेकड्यांवर घर बघायला गेलं की आपली मंडळी सगळं विचारतात. दार पूर्वेला आहे का, शाळा कशा आहेत, ऑफिस किती मिनिटांवर आहे. विम्याचं नाव निघतं ते ऑफर मान्य झाल्यावर, बँकेनं पॉलिसी मागितली की. घाईत माघार घेण्याच्या सगळ्या अटी सोडून ऑफर दिली असेल आणि विमा मिळालाच नाही, तर अनामत रक्कम अडकते.

परिस्थिती सोपी नाही. ऑलस्टेटनं 2022 मध्ये आणि स्टेट फार्मनं मे 2023 मध्ये राज्यात घरांचे नवे विमे थांबवले. मार्च 2024 मध्ये स्टेट फार्मनं सुमारे 72,000 पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या पॅलिसेड्स आणि ईटन या वणव्यांत 16,000 हून अधिक इमारती गेल्या. तरीही रस्ते तीन उरतात.

परवानाधारक कंपनी

मिळाली तर हीच घ्या, हप्ता थोडा जास्त असला तरी. आग, चोरी, फुटलेला पाइप, पाहुणा घसरून पडला तर येणारी जबाबदारी, सगळं एकाच पॉलिसीत येतं. 1988 च्या प्रपोझिशन 103 मुळे दरवाढीला राज्याच्या विमा खात्याची मंजुरी लागते. नूतनीकरण नाकारायचं तर 75 दिवस आधी कळवावं लागतं. आणीबाणी जाहीर झालेल्या वणव्याच्या हद्दीत किंवा तिला लागून तुमचं घर असेल, तर वर्षभर वणव्याच्या कारणानं पॉलिसी काढून घेता येत नाही. आणि कंपनीच बुडाली तर हमी निधी आहे. हे पुस्तकी वाटेल, पण 2018 च्या कॅम्प फायर नावाच्या वणव्यानंतर मर्सेड नावाची छोटी कंपनी खरोखरच बुडाली.

दोन वर्षांपूर्वी नकार मिळाला असेल तर पुन्हा विचारा. नव्या नियमांनुसार कंपन्यांना दर ठरवताना वणव्याच्या संगणकीय मॉडेलचा आधार घेता येतो, आणि त्या बदल्यात धोक्याच्या भागांत विमे वाढवायची जबाबदारी त्यांच्यावर येते.

फेअर प्लॅन, सोबत डीआयसी

अनेकांना ही सरकारी योजना वाटते, तशी ती नाही. ज्यांना दुसरीकडे विमा मिळत नाही त्यांच्यासाठी 1968 पासून चालत आलेली ही राज्यातल्या परवानाधारक विमा कंपन्यांची सामाईक व्यवस्था आहे. मूळ पॉलिसीत आग, वीज पडणं, घरातला स्फोट आणि धूर एवढंच. चोरी, पाणी आणि जबाबदारी यांच्यासाठी डीआयसी नावाची दुसरी पॉलिसी जोडावी लागते. म्हणजे हप्ते दोन, आणि नुकसान झाल्यावर बोलायचंही दोन ठिकाणी.

धुराबाबत सावध राहा. जून 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं फेअर प्लॅनची धुराच्या नुकसानीची व्याख्या कायद्याला धरून नसल्याचा निकाल दिला. घर उभं आहे पण भिंतीत, गाद्यांत, एसीच्या नळ्यांत काजळी बसली आहे, अशा वेळी वाद होतो तो इथेच.

सरप्लस लाइन्स

राज्याचा परवाना नसलेल्या, पण ब्रोकरमार्फत कायदेशीरपणे विकणाऱ्या कंपन्या. मोठ्या, महाग किंवा अगदी झाडीत असलेल्या घरांना बहुधा याच वाटेनं जावं लागतं. दरांना राज्याची मंजुरी लागत नाही, हमी निधीचं छत्र नाही, वर 3 टक्के कर. कित्येक पॉलिसींत वणव्यासाठी वेगळी, टक्केवारीतली वजावट असते. 20 लाख डॉलरच्या विम्यावर 5 टक्के म्हणजे पहिले 1 लाख डॉलर तुमच्या खिशातून.

आता हप्त्यापलीकडचा हिशेब. घर 2,000 चौरस फुटांचं आणि पुन्हा बांधायला फुटाला 700 डॉलर धरले, तर 14 लाख डॉलर लागतील. जमिनीची किंमत यात येत नाही, त्यामुळे घर 30 लाखांना घेतलं म्हणून 30 लाखांचा विमा काढू नका. पण मोठ्या वणव्यानंतर हजारो घरं एकदम बांधायला निघतात, मजूर मिळत नाहीत आणि खर्च फुगतो. परवानाधारक पॉलिसीत मर्यादेच्या वर 25 किंवा 50 टक्के वाढीव भरपाईची सोय अनेकदा विकत मिळते, ती घ्याच. फेअर प्लॅनमध्ये त्या भरवशावर न राहता मूळ मर्यादाच नीट ठरवा. तिथली कमाल 30 लाख डॉलर आहे, आणि त्यात घर, सामान, बाहेर राहण्याचा खर्च सगळं मिळून येतं. सामानाची भरपाई घसारा वजा करून देणार की नव्या किमतीनं, हेही विचारून घ्या. दहा वर्षं वापरलेल्या सोफ्याचा घसारा वजा केला की हातात फारसं काही येत नाही.

माझं मत विचाराल तर साध्या आकाराच्या घराला परवानाधारक कंपनी मिळत नसेल, तेव्हा फेअर प्लॅन आणि डीआयसी. 30 लाखांत न बसणाऱ्या घरालाच सरप्लस. अर्थात डीआयसीचा हप्ता जोडून बघितल्याशिवाय फेअर प्लॅनला स्वस्त म्हणू नका. भूकंप मात्र साधारणपणे तिन्हींत नसतो, तो वेगळाच.

कोणतीही वाट धरली तरी घराचं रूप महत्त्वाचं. ए श्रेणीचं, म्हणजे आगीला सर्वाधिक तोंड देणारं छप्पर, निखारे आत न शिरू देणाऱ्या जाळ्या, आणि भिंतीपासून 5 फुटांत पेटण्याजोगं काहीही नाही, ना लाकडी कुंपण, ना भुशाचा थर. अशा कामांसाठी परवानाधारक कंपन्या आणि फेअर प्लॅन यांना सूट द्यावी लागते. भिंतीला खेटून वाढलेला जाईचा वेल काढताना जीवावर येतं, पण तो त्याच 5 फुटांत येतो.

आणि ऑफर देण्याआधी विक्रेत्याला सध्याची विमा कंपनी कोणती ते विचारा, घरावरच्या मागच्या दाव्यांचा अहवाल मागा, आणि एकाच कंपनीच्या एजंटवर न थांबता स्वतंत्र ब्रोकरकडून लेखी कोटेशन घ्या.