क्लॅम्प मीटर: परीक्षेच्या अभ्यासाला कितपत कामाचा?

आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच्या परीक्षेसाठी क्लॅम्प मीटर (तार न तोडता, जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर) घ्यावा का, असं आमच्या लातूर भागातली मागच्या बॅचची पोरं विचारत असतात. मी माझा पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, आता उन्हाळी भुईमुगाचं पाणी सुरू आहे. साधाच आहे, फक्त एसी करंट मोजणारा, हजार-दीड हजारातला. मोटरच्या गणितांपुरते पैसे वसूल. प्रोटेक्शनला मात्र अर्धामुर्धा.

5 एचपीच्या मोटरचं गणित घ्या. 5 गुणिले 746, म्हणजे 3730 वॅट. थ्री-फेजचे 415 व्होल्ट, वर्गमूळ तीन आणि पॉवर फॅक्टर 0.85 यांनी भागून उत्तर 6.1 अँपिअर येतं आणि पर्यायांत ते हमखास दिलेलं असतं. पण एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारा आउटपुट. 85 टक्के एफिशियन्सीने भागल्यावर खरं उत्तर 7.2 येतं. आखाड्यावरच्या पंपाला मीटर लावला की सातच्या वरच आकडा दिसतो, त्यामुळे एफिशियन्सी विसरायची सोयच राहत नाही.

रात्रपाळीच्या लाईटला तोच पंप वेगळं दाखवतो. शेवटच्या डीपीवर व्होल्टेज 350 पर्यंत उतरलं की करंट साडेआठाच्या घरात जातो, कारण पाण्याचा लोड तेवढाच राहतो. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) 7.2 वर लावलेला असेल तर थोड्या वेळाने पडणारच. मग गडी काय करतो? ओव्हरलोडचा काटा पुढे सरकवतो आणि झोपायला जातो. त्यात एखादा फेज गेला, की उरलेल्या दोन फेजांवर करंट साधारण पावणेदोनपट होतो आणि मोटर जळते. आमच्याकडच्या रिवाइंडिंगवाल्यांचं घर बरंचसं याच्यावर चालतं.

सगळ्यात जास्त शिकलो ते गिरणीत. तिथे 10 एचपीची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर (सुरू होताना स्टार, मग डेल्टा जोडणी) आहे. येणाऱ्या लाईनला 14 च्या आसपास, आणि स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या सहा तारांपैकी कुठल्याही एकीला 8. वर्गमूळ तीनने भागायचं म्हणजे काय, ते फळ्यावर दोन वर्षं पाहिलं होतं. इथे एका मिनिटात डोक्यात बसलं. रिले त्या सहा तारांच्या बाजूला असेल तर सेटिंग फुल लोडच्या 58 टक्के, लाईनमध्ये असेल तर पूर्ण. हा प्रश्न आकडे बदलून परत परत येतो.

आता एक गंमत. पंपाच्या तिन्ही तारा एकदम जबड्यात घ्या, मीटर शून्य दाखवतो. मोटर जोरात चालू, तरी शून्य! आरसीसीबीच्या (लीकेज झाला की लाईन तोडणाऱ्या स्विचच्या) आतली कॉइल नेमकी हेच बघत असते: बेरीज शून्य असेल तर गप्प, काही करंट जमिनीत गेला तर ट्रिप. म्हणूनच आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्याला एमसीबीची (जास्त करंटला पडणाऱ्या स्विचची) जोड लागते. पण माणूस वाचवणारा 30 मिलीअँपिअरचा लीकेज या मीटरवर मोजायला जाऊ नका, तिथे शेवटचे आकडे नुसते नाचतात.

स्टार्टिंग करंटच्या बाबतीत मीटर सपशेल नापास. डीओएलवर (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा स्टार्टर) 5 एचपी सुरू होताना सहापट, म्हणजे 43 अँपिअर घेते, पण डिस्प्लेवर आकडा स्थिर होईपर्यंत ते संपलेलं असतं. इनरश बटणवाले महाग मीटर ते पकडतात. त्यामुळे एमसीबीचे प्रकार कागदावरूनच करावे लागतात: बी रेटिंगच्या 3 ते 5 पटीला लगेच पडतो, सी 5 ते 10, डी 10 ते 20. 10 अँपिअरचा बी टाइप 30 ते 50 मध्ये तोडतो, म्हणजे हीच मोटर त्याच्यावर उठेलच याची खात्री नाही. हे आकडे पाठ करा, मीटर मदतीला येणार नाही. आणि गाईडमध्ये अजून 1956 चे विजेचे नियम छापले असतील तर ते पान सोडून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे विनियम वाचा.

गावात सौर पंप वाढलेत, पॅनलचा डीसी करंट असल्या मीटरवर दिसत नाही. पुढे त्या कामात पडायचं असेल तर थोडे जास्त घालून एसी-डीसी घ्या. काही असो, कॅट थ्री 600 व्होल्टचा सुरक्षेचा शिक्का बघा, आणि दुकानातच जबडा एखाद्या स्टार्टरच्या तारांत घालून बघा. जाडजूड जबडा डीओएलच्या डबीत शिरत नाही.