रवांडा की बोत्सवाना?
मामेभावाला आफ्रिकेत ऑफिस टाकायचंय आणि सगळे म्हणतायत रँकिंग बघ, पण कुठलं ते आधी ठरवा ना. धंदा करायला सोपा देश या वर्ल्ड बँकेच्या 2020 च्या यादीत रवांडा 38वा, बोत्सवाना 87वा, पण आकड्यांच्या गडबडीमुळे ती यादीच 2021 मध्ये बंद झाली. भ्रष्टाचार कमी, यात आफ्रिकेत दोघंही वरच्या नंबरात. खरा फरक मोकळेपणाचा. देशांमधलं राजकीय स्वातंत्र्य मोजणारी फ्रीडम हाऊस ही संस्था बोत्सवानाला मुक्त म्हणते, रवांडाला नाही. 2024 मध्ये रवांडाचे अध्यक्ष कागामे यांना 99 टक्के मतं पडली आणि त्याच वर्षी बोत्सवानात 1966 पासून सत्तेत असलेला पक्ष हरला आणि शांतपणे पायउतार झाला, मला तर हे फार मोठं वाटतं. मात्र बोत्सवानाचं सगळं हिऱ्यांवर, भाव पडले की हाल. कंपनी झटपट सुरू करायची तर रवांडाची राजधानी किगाली, पत्रकारिता किंवा संशोधनाचं काम असेल तर बोत्सवानाची राजधानी गाबोरोनच.