वाढलेल्या अकरा किलोंचा हिशेब

मी इचलकरंजीत सुताच्या पेढीवर हिशेब लिहितो. उंची पाच फूट आठ इंच आणि जून २०२३ मध्ये वजन ४९ किलो. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात, जिथं गल्लीगल्लीत तालीम आहे, तिथं असल्या अंगाचं काय होतं ते सांगायला नको. गल्लीत मी ‘काडी पैलवान’. आत्या तर तोंडावरच ‘पाप्याचं पितर’ म्हणायची, वर ताटात आणखी एक भाकरी टाकायची. खातोस की नाही, हा प्रश्न मला आयुष्यात जितक्यांदा विचारला गेलाय तितक्यांदा नावही विचारलं नसेल. आई म्हणायची, “खातो गं भरपूर, पण याच्या अंगी लागत नाही.”

बारावीनंतर वडिलांनी घड्याळ घेतलं. पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही ते मनगटावर गोल फिरायचं. मग स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांनी आरीनं आणखी एक भोक पाडून दिलं. हे भोक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लग्नाची बोलणी सुरू झाली आणि दोन स्थळांकडून ‘मुलाला काही दुखणं आहे का’ अशी विचारणा आली. मी थायरॉईड, शुगर, छातीचा एक्स-रे सगळं करून घेतलं. सगळं नॉर्मल. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, “तुझी ठेवणच अशी आहे, मेटाबॉलिझम फास्ट आहे तुझं.” त्यांनी ते सहज म्हटलं, पण मला वाटलं, चला, आजाराला नाव तर मिळालं. आणि नाव मिळालं की माणूस त्यावरचं औषध शोधायला लागतो.

मोबाईलवर जाहिरात आली ती नेमकी त्याच शब्दाची. ‘फास्ट मेटाबॉलिझममुळे वजन वाढत नाही?’ खाली नंबर. मी नुसता नंबर टाकला तर दहा मिनिटांत फोन. बाई गोड बोलत होत्या. “सर, तुमचं जेवण चांगलं आहे, पण बॉडी सगळं जाळून टाकते. आमचा आयुर्वेदिक पावडरचा कोर्स ते स्लो करतो. अश्वगंधा, शतावरी, विदारीकंद, सफेद मुसळी. साइड इफेक्ट झिरो.” एक महिन्याचा डबा २,८०० रुपये, पैसे कुरिअरवाल्याच्या हातात. डबा फोडायच्या आधी पैसे द्यायचे, हे तेव्हा खटकलं नाही. डब्यात पावडर, सोबत एका पुडीत पांढऱ्या बारीक गोळ्या. पुडीवर काहीच छापलेलं नव्हतं. ‘ते भस्म आहे सर, पचनासाठी.’

आता जे लिहितोय ते नीट वाचा, कारण बहुतेकांची समजूत इथंच चुकते. फसवणूक म्हणजे डब्यात पीठ निघतं आणि गुण येत नाही, असं आपण धरून चालतो. मला गुण आला. दणदणीत आला. चौथ्या दिवसापासून भूक अशी लागायला लागली की रात्री अकराला उठून मी डब्यातली शिळी चपाती खायचो. वीस दिवसांत साडेतीन किलो. मी पेढीवरच्या सुताच्या काट्यावर वजन करायचो आणि वहीत लिहायचो. तीन महिन्यांचा कोर्स ७,५०० ला लगेच मागवला. गणपतीत ५६ भरलो. आरतीला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, “अंग धरलंस की रे!” आत्यानं माझा गाल ओढला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गालात ओढण्यासारखं काही होतं.

पोट सुटलं, चेहरा चपातीसारखा गोल झाला, मानेच्या मागं मांसाचा उंचवटा आला. घड्याळ मात्र आरीनं पाडलेल्या त्याच भोकात. हातपाय तसेच काटक्या, उलट मांड्या जरा उतरल्यासारख्या. हिशेब लिहिणाऱ्या माणसानं सात किलो कुठं जमा झाले हे बघायला नको होतं का? नाही बघितलं. बेरीज येतेय म्हटल्यावर खातं कोण तपासतं!

दिवाळीच्या आठवड्यात डबा संपला आणि गर्दीत कुरिअर अडकलं. चार दिवस काहीच घेतलं नाही. अभ्यंगस्नानाला आईनं पाटावर बसवलं, तेल लावलं, उटणं लावलं. आणि मला पाटावरून उठता येईना. पाय जमिनीला टेकवतोय, पण मांडीत जोरच नाही. आई म्हणाली, “उठ की, पाणी निवतंय.” भिंतीला धरून उठलो तर डोळ्यांपुढं अंधार, मग उलटी. सणाच्या दिवशी दिवसभर आडवा. संध्याकाळी त्या बाईंना फोन लावला. त्या हसल्याच. “सर, बॉडीला न्यूट्रिशनची सवय झालीय. दोन दिवस डबल डोस घ्या.” दुसऱ्या दिवशी डबा आला, दोन-दोन चमचे घेतले, गोळ्याही दोन, आणि संध्याकाळपर्यंत मी टुणटुणीत. मी काय समजलो? औषध किती गुणकारी आहे बघा, चार दिवस सोडलं तर माणूस झोपतो!

त्या डब्यावर ५०० रुपये सूट होती. बदल्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’चा फोटो पाठवायचा. मी पाठवला.

डोळे उघडले ते जानेवारीत, पोहे खाताना. मुलगी मिरजेला स्टाफ नर्स. मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. तिनं पगार, पेढी काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, “राग मानू नका, तुम्ही कसली गोळी घेता का? पोटावर जांभळे चरे आलेत का?” आले होते. बोटाएवढे रुंद, दोन्ही कुशींवर. मला वाटायचं, अंग भरतंय म्हणून कातडी ताणतेय. ती म्हणाली, “आमच्या वॉर्डात असे चेहरे बघितलेत मी. उद्याच्या उद्या डॉक्टर गाठा, पण त्याआधी मनानं बंद करू नका.” लग्न काही जमलं नाही, पण त्या पोह्यांइतकं उपयोगी मी आजवर काही खाल्लं नसेल.

कोल्हापूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. नाही जमलं. ब्लडप्रेशर १५०/९६, उपाशीपोटी शुगर १३८. सकाळी आठचं रक्त घेऊन कॉर्टिसॉल तपासलं, ते जवळजवळ शून्यावर. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, त्या रोज शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे हेच कॉर्टिसॉल, बनवतात. बाहेरून ते भरपूर यायला लागलं की त्या कामच सोडून देतात. म्हणून चेहरा सांगतो स्टेरॉइड जास्त आणि रक्तात मात्र स्वतःचं काहीच नाही. असल्या पावडरींत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असलं स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि भुकेसाठी सायप्रोहेप्टाडीन, जी मुळात ॲलर्जीची गोळी आहे, असं ते म्हणाले. अकरा किलोंतलं बरंचसं पोटावरची चरबी आणि साठलेलं पाणी होतं. दंड-मांड्यांचं मांस तर उलट झिजलं होतं. दिवाळीत मी पाटावर कोसळलो तो ग्रंथी झोपल्यामुळं. ताप किंवा जुलाब त्याच वेळी लागले असते तर जिवावर बेतलं असतं, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

म्हणून तुमच्यापैकी कोणी आज असला डबा खात असेल आणि हे वाचून घाबरला असेल, तर डबा फेकू नका आणि उद्यापासून अचानक बंदही करू नका. डबा आणि पुडी घेऊन डॉक्टरांसमोर ठेवा. मला त्यांनी पावडर थांबवून हायड्रोकॉर्टिसोनची मोजकी गोळी सुरू केली आणि ती नऊ महिन्यांत हळूहळू उतरवली. त्या काळात खिशात चिठ्ठी असायची, ‘हा रुग्ण स्टेरॉइडवर आहे’. ताप आला की डोस दुप्पट.

मग डबा टेबलावर ठेवून मी एकदाचा हिशेबनिसासारखा वाचला. अन्नपदार्थांना एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था परवाना देते, त्याचा क्रमांक १४ आकडी असतो. डब्यावरचा मोजला, १३ भरले. त्याच संस्थेच्या फॉसकॉस या परवान्यांच्या साइटवर क्रमांक टाकून कंपनी तपासता येते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि आयुर्वेदिक औषध म्हणून विकत होते तर अन्नाचा परवाना कशाला? औषधाला राज्याच्या औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता लागतो. इथं पत्त्यात नुसतं शहर होतं. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या नंबरवर तक्रार दिली, डबा जमा केला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण दावा लावायला समोर कुणीतरी पाहिजे ना. बाईंचा नंबर बंद.

पैशाचा हिशेब सोपा आहे. डब्यांचे १२,६०० आणि तपासण्या-औषधांचे त्याच्या दुपटीहून जास्त. न जुळणारा हिशेब वेगळाच आहे. मी तो नंबर तिघांना दिला होता. त्यातला एक माझ्या मित्राचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, त्याची ७६ भरत होती. दोन महिन्यांत पोट वाढलं, छाती ७६ च. मी फोन करून सगळं सांगितलं तेव्हा मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तूच दिलास न्हवं नंबर.” पोरगा वेळेत सावरला. मित्र अजून पेढीवर चहाला येत नाही.

आणि ते फास्ट मेटाबॉलिझम? डॉक्टरांनी आठवडाभर खाल्लेलं वजन करून लिहायला सांगितलं. ‘भरपूर खातो’ म्हणणारा मी, सरासरी निघाली १,९०० कॅलरी. जेवणं दणकट, पण मधले सात-आठ तास नुसता चहा. शिवाय मी बसल्या जागी सतत पाय हलवतो. पाय हलवू नये, लक्ष्मी जाते, म्हणून आई आयुष्यभर ओरडली. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचा १९९९ चा प्रयोग सांगितला. सोळा जणांना आठ आठवडे रोज एक हजार कॅलरी जादा खायला घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, तर कुणाची चार किलोंच्या वर गेली. फरक पडला तो बराचसा उठबस, चुळबुळ, उभं राहणं असल्या बारीकसारीक हालचालींमुळं. म्हणजे माझी ठेवण खरीच आहे, जाहिरातवाल्यांनी तो शब्द काही हवेतून काढला नव्हता. फक्त ती ‘स्लो’ करणारं चूर्ण नसतं. आता मधल्या वेळेला शेंगदाण्याचे दोन लाडू, केळं, म्हशीचं दूध, आमटीवर तूप, आणि आठवड्यातून तीन दिवस तालमीत बैठका. पावडरचं वजन उतरून मी ५० वर आलो होतो. दीड वर्षात ५४ झालो. महिन्याला पाव किलोही धड नाही. सुताच्या काट्यावर तो फरक दिसतसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात पेढीवरच्या नव्या पोरानं मोबाईल पुढं केला, “दादा, हे तुम्हीच ना?” डब्याचं नाव बदललंय, रंग बदललाय, जाहिरात तीच. डावीकडं काडी पैलवान, उजवीकडं गोल चेहऱ्याचा हसरा माणूस, निळा चौकटीचा शर्ट, मागं आमचं गोदरेजचं कपाट. आधी ४९, नंतर ६०. खाली लोक किंमत विचारतायत. तक्रार केली, एक जाहिरात गेली, दुसरी आली. तुमच्यापुढं ती आली तर दोन बोटांनी फोटो मोठा करा आणि उजव्या माणसाचं मनगट बघा. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढच्या भोकात आहे.