पहिलं पिस्तूल: लपवायला सोपं की चालवायला सोपं?

दुकानातल्या मुलाने काचेच्या कपाटातून सगळ्यात आधी काढलं ते तळहातात मावणारं, जेमतेम तीनशे ग्रॅमचं, .३८० मापाच्या गोळीचं पिस्तूल. "बायका हेच घेतात," असं सांगून मोकळा. वहिनींनी ते पर्समध्ये ठेवून पाहिलं. चष्म्याच्या डबीशेजारी गुपचूप बसलं. त्यांनी कार्ड काढलं, तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटलं, "वहिनी, आज काही घ्यायचं नाही. शनिवारी शूटिंग रेंजवर चला, तिथे पिस्तुलं भाड्याने मिळतात. चार चालवून बघा, मग काय ते घ्या."

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. डॅलसच्या उत्तरेला त्यांचं छोटं दुकान आहे. रात्री दहाला गल्ला मोजून एकट्याच कुलूप लावतात. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या आणखी तिघा-चौघांनी मला हाच प्रश्न विचारला: कपड्याखाली बाळगायला पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पिस्तुलाच्या आधी व्हिसा बघा, कारण आपल्या लोकांत इथेच घोटाळा होतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर आलेल्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन्स असल्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. तुम्ही स्वतः ग्रीन कार्डवर असाल आणि आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहायला आले असतील, तर पिस्तुलाच्या तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्यांच्या हाती नको. आणि रेंजवर नेता ती बॅग भारताच्या प्रवासाला कधीही नेऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर क्ष-किरणांत दिसलं की शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभं राहतं. मी त्या बॅगेवर लाल पट्टीच बांधली आहे.

आता मुख्य गोष्ट. तुलनेला चार घेतली: ग्लॉक १९, सिग पी३६५, स्मिथ अँड वेसनची ६४२ रिव्हॉल्व्हर आणि त्याच कंपनीचं शील्ड ईझी (.३८० वालं). बाजारात आणखी पन्नास आहेत, पण पहिल्यांदा घेणाऱ्याची गाडी फिरून फिरून या चार प्रकारांपाशीच येते.

ग्लॉक १९ ही या वर्गातली मोजपट्टी. १९८८ साली आलं आणि तेव्हापासून "कॉम्पॅक्ट" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं. चार इंचांची नळी, मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, ९ एमएमच्या १५ गोळ्या, भरल्यावर वजन साधारण ८५० ग्रॅम. पँटच्या आतल्या बाजूला एवढं वजन दिवसभर वागवायचं म्हणजे पट्टा जाड लागतो आणि शर्ट एक माप मोठा.

पी३६५ आलं २०१८ मध्ये आणि त्याने हा हिशेबच बदलला. तोवर एवढ्या चिमुकल्या अंगाच्या पिस्तुलात सहा ते आठ गोळ्या मावत, ग्लॉकच्याच ४३ मध्ये सहा. सिगने मॅगझिनची घडण अशी केली की जाडी जवळपास तेवढीच ठेवून दहा बसल्या. नळी ३.१ इंच, रुंदी इंचभर, रिकामं वजन पाचशे ग्रॅम. त्यानंतर बाकीच्या कंपन्यांनी आपापली तशी पिस्तुलं काढली. स्प्रिंगफील्डचं हेलकॅट किंवा शील्ड प्लस घेतलंत तरी खाली लिहिलेलं बरंचसं लागू आहे.

कागदावर बघाल तर पी३६५ कधीही सरस वाटतं. अर्ध्या अंगात दोन तृतीयांश गोळ्या, मग मोठं कोण घेणार? याचं उत्तर रेंजवर मिळतं.

सात यार्डांवर कागद लावला. वहिनींनी ग्लॉकने दहा गोळ्या झाडल्या, त्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत गेल्या. पहिल्याच दिवशी हे चांगलंच म्हणायचं. मग पी३६५ ने दहा. त्या परातीएवढ्या जागेत पसरल्या आणि एक तर कागदाच्या कडेला. गोळी तीच, ९ एमएमच, पण पिस्तूल हलकं असलं की तोच धक्का हाताला जास्त लागतो. मूठ आखूड, त्यामुळे करंगळीला धरायला काही उरत नाही. नेम धरायची पुढची-मागची माशी जवळजवळ असल्याने हात केसभर हलला तरी नेम वीतभर चुकतो. लहान पिस्तूल नवशिक्यासाठी असतं हा समज इथे उलटा पडतो. लहान पिस्तूल नीट चालवायला हात जास्त तयार लागतो.

तिसरी ६४२. रिव्हॉल्व्हरबद्दल आपल्याकडे प्रेम फार. सिनेमात इन्स्पेक्टरच्या हातात तीच असते. "साधी सोपी, काही बिघडायचं नाही," असं दुकानदारही सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची नाही, मॅगझिन नाही, हात सैल पडला म्हणून अडकत नाही. घोडा आतच झाकलेला असल्याने खिशातून काढताना कापडात अडकत नाही. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, .३८ स्पेशलच्या पाच गोळ्या, नळी दोन इंचांहूनही कमी.

पण चाप! ग्लॉकचा चाप साधारण साडेपाच पौंडांवर सुटतो. या रिव्हॉल्व्हरचा बारा पौंडांच्या घरात आणि ओढायचाही लांबवर. वहिनींनी दोन बोटं लावली तेव्हा पहिली गोळी सुटली. पाचवी झाल्यावर त्यांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवली, अंगठ्याचं मूळ चोळलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही नको. उद्या पोळ्या लाटायच्यात." पाचांतल्या दोन गोळ्या कागदावर होत्या. ज्यांच्या हातात ताकद आहे, जे महिन्यातून दोनदा रेंजवर जाणार आहेत, ज्यांना कोटाच्या खिशातच ठेवायची आहे, त्यांना ही जरूर शोभते. दुकानदार बायकांच्या हाती पहिली म्हणून ही का देतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

स्लाइड ओढण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. छोट्या पिस्तुलाची स्लाइड हलकी, म्हणून तिला रोखून धरणारी स्प्रिंग कडक ठेवावी लागते. वहिनींना पी३६५ ची स्लाइड हलेचना. मुळात त्या डाव्या हाताने स्लाइड मागे खेचायला बघत होत्या. रेंजवरच्या बाईंनी युक्ती दाखवली. पिस्तूल छातीजवळ, नळी समोरच्या कागदाकडे, बोट चापाबाहेर. डाव्या हाताच्या चारी बोटांनी स्लाइड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. खेचण्यापेक्षा ढकलायला खांद्याचं बळ मिळतं. तिसऱ्या खेपेला ग्लॉकची स्लाइड खाडकन मागे गेली. पी३६५ ची गेली, पण दहातून सात वेळा. रात्री दहा वाजता अंधाऱ्या पार्किंगमध्ये मला दहातून सात नको.

इथे चौथं कामाला येतं. शील्ड ईझी २०१८ मध्ये निघालं तेच मुळी ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे, सांधे दुखतात, त्यांच्यासाठी. आत घोडा आहे, स्प्रिंग हलकी, त्यामुळे स्लाइड लोण्यासारखी मागे येते. मॅगझिनला बाजूने छोटे दट्टे आहेत, ते खाली दाबून आठ गोळ्या नख न मोडता भरता येतात. मुठीच्या मागे एक कळ असते. मूठ पक्की आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. काहींना हे आवडतं, काहींचा तळवा नेमका तिथे बसत नाही आणि ऐन वेळी चाप मुका राहतो. म्हणून हे पिस्तूल हातात न धरता ऑनलाइन मागवू नका. लांबी ग्लॉकपेक्षा थोडीच कमी आहे, म्हणजे लपवायला काही फार सोपं नाही. वजन मात्र सव्वापाचशे ग्रॅमच.

वहिनींच्या दहा गोळ्या? नाश्त्याच्या डिशएवढ्या जागेत.

याची उणी बाजू म्हणजे गोळी. .३८० आणि ९ एमएम यांच्या शिशाचा व्यास एकच, पण .३८० च्या काडतुसाचं पितळी कवच १७ मिलिमीटर लांब आणि ९ एमएमचं १९, म्हणून .३८० मध्ये दारू कमी. जोर तेवढा कमी. शिवाय या तीन मापांत ९ एमएमची गोळी सगळ्यात जास्त खपते म्हणून सगळ्यात स्वस्त, .३८० आणि .३८ स्पेशलला आमच्याकडे दीडपट तरी मोजावे लागतात. सरावाला महिन्याला शंभर गोळ्या धरल्या तर वर्षअखेर हा फरक पिस्तुलाच्या किमतीच्या दिशेने सरकतो. ईझी ९ एमएममध्येही मिळतं, २०२० पासून. ईझी सेकंड हँड घेत असाल तर नंबर तपासा. २०२० च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या घोड्यांसाठी कंपनीने पिस्तुलं परत बोलावली होती.

पिस्तुलांच्या किमतीत फार अडकू नका. चारही साधारण चारशे ते सहाशे डॉलरांत येतात आणि वर होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान), पट्टा, तिजोरी, गोळ्या मिळून जवळपास तेवढेच जातात.

चाप अडवून ठेवणाऱ्या सेफ्टीच्या कळीवरून नवरा-बायकोत भांडण होतं, म्हणून दोन शब्द. ग्लॉकला अंगठ्याने लावायची कळ नाही, चापातच छोटी पट्टी आहे. पी३६५ कळीसकट आणि कळीविना, दोन्ही मिळतं. ईझीचंही तसंच. घरात लहान मुलं आहेत म्हणून कळीवालं घेतो, असं म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. मुलांपासून वाचवते ती तिजोरी. टेक्सासमध्ये भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. कळ हवी असेल तर घ्या, पण मग काढताना प्रत्येक वेळी ती खाली करायची सवय अंगवळणी पडली पाहिजे. कधी वापरायची, कधी नाही, असं चालत नाही.

लायसन्सचं सांगायचं राहिलं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, त्यामुळे बरेच जण क्लास टाळतात. मी म्हणेन काढाच. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग आणि रेंजवरची परीक्षा: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून एकूण ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. कमरेला पिस्तूल असताना शाळेच्या हजार फुटांतून जाण्याबद्दल केंद्राचा कायदा आहे, तिथे राज्याचं लायसन्स उपयोगी पडतं. तिथेच बसून प्यायच्या मद्यविक्रीवर निम्म्याहून जास्त कमाई असलेल्या जागी लाल ५१ टक्क्यांची पाटी असते, तिथे लायसन्स असूनही नेता येत नाही. मंदिराच्या किंवा हॉलच्या दारावर ३०.०६ ची पाटी (लायसन्सवाल्यालाही लपवून आणायला मनाई) दिसली तर पिस्तूल गाडीत कुलूपबंद. आणि नाताळच्या सुट्टीत गाडीने एडिसनला भावाकडे निघालात तर ते घरीच ठेवा. न्यू जर्सीत टेक्सासचं लायसन्स चालत नाही आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिनही नाही. ग्लॉकचं १५ वालं तिथे सामानात सापडलं तरी पंचाईत.

तर कोणी काय घ्यावं? एकच घ्यायचं, घरात आणि बाहेर तेच वापरायचं, अंगाने मध्यम किंवा थोराड आणि कपडे बदलायची तयारी असेल, तर डोळे झाकून ग्लॉक १९. आधी कुठे चालवायला शिकला असाल आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात टी-शर्टाखाली वागवायचं असेल, तर पी३६५, पण पहिल्या पाचशे गोळ्या होईपर्यंत ते अवघडच वाटणार हे धरून चला. मनगट दुखतं, बोटांत जोर नाही, तर ईझी. रिव्हॉल्व्हर पहिली म्हणून मी कोणाला सुचवत नाही, दुसरी म्हणून कितीतरी जणांना सुचवली आहे. आणि ते तीनशे ग्रॅमचं, दुकानातल्या मुलाचं? ते माझ्याकडेही आहे. वर्षातून दोनदा, लग्नाच्या सुटात घालतो. रेंजवर दोन मॅगझिन झाली की पुरे वाटतं.

वहिनींनी .३८० चं ईझी घेतलं. मी ग्लॉकसाठी थोडा हट्ट केला, त्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे धरले, मी गप्प बसलो. परीक्षेत २५० पैकी २२८ मिळाले.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. पर्समध्ये ठेवायचं नाही हे त्यांना पटलं होतं, कारण पर्स काउंटरवर पडते, नातवंडं त्यात च्युइंग गम शोधतात. पण पंजाबी ड्रेसवर पट्टा बांधणार कुठे? पहिलं कडक प्लास्टिकचं होल्स्टर सत्तर डॉलरचं, ते सलवारीच्या नाडीला पेलेना. मग पोटाला गुंडाळायचा रुंद इलास्टिकचा पट्टा आणला, त्यात चाप झाकणारं कवच नव्हतं, म्हणून तो परत केला. कवच असलेला तिसरा सापडला, तो कुर्त्याखाली दिसत नाही, पण काउंटरवर वाकलं की बरगडीला टोचतो. सध्या रिकामं पिस्तूल त्यात घालून त्या घरात केर काढतात, भाजी चिरतात, जिना चढतात. आठवडाभर टोचलं नाही तर दुकानात नेणार. नाहीतर चौथा पट्टा. बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी न जमलेल्या होल्स्टरांचा एक खण असतो, त्यांचा भरायला आत्ता लागलाय.